विलगीकरण केंद्रात माणूस आपणहून कधी येतो?

नोंदवही

कोविडच्या साथीत एका सामूहिक केंद्रात नोंदणीच्या टेबलावर मी काही महिने बसत होते. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. येणाऱ्याचं नाव, वय, ताप, ऑक्सिजन, आधीचे आजार लिहून घ्यायचे आणि खाटेचा नंबर द्यायचा, एवढंच माझं काम. पुढे साथ ओसरली, केंद्र बंद झालं, खाटा उचलल्या गेल्या. पण त्या वहीतली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

"मी वाचेन ना?" असं टेबलापाशी फार थोड्यांनी विचारलं. बहुतेकांचे प्रश्न दोनच असायचे. "कधी सोडणार?" आणि "मी इथे राहिलो तर घरचं कोण बघणार?" घरचं म्हणजे कुणाची अंथरुणाला खिळलेली आई, कुणाची शाळकरी मुलं, कुणाची रोजावरची मजुरी. आमच्या छापील वहीत यासाठी रकानाच नव्हता. मग मी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर ते लिहू लागले. काही आठवड्यांनी ती पानं उलटून पाहिली. रात्री कुंपणावरून निघून गेलेले जवळजवळ सगळे त्या पानांवर होते. आणि ज्यांच्या घरची सोय आमच्यापैकी कोणी ना कोणी लावून दिली होती, ते मुदत संपेपर्यंत थांबले होते.

दुसरी गोष्ट. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. जो आजारी नाही, पण आजाऱ्याच्या संपर्कात आलाय, त्याला मुदतीपुरतं वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण. सरकारी पत्रकांत हे दोन शब्द वेगळे होते, बोलण्यात मात्र सगळंच 'क्वारंटाईन'. आणि पहिले काही आठवडे आमच्या इमारतीतही सगळं एकच होतं. वरच्या मजल्यावर बाधित, खाली संपर्कातले, स्वच्छतागृह दोघांना मिळून एक. आपणच निरोगी माणसाला आजार देतोय, ही भीती घेऊन मी रोज घरी जायचे. नंतर ते सुधारलं, पण तोवर इमारतीचं नाव झालं होतं ते झालंच.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा मोठी सभागृहं, शाळा, क्रीडासंकुलं ताब्यात घेतली जातील. त्यात काय असलं तर माणूस आपल्या पायांनी आत येईल, हे आत्ताच बोलून ठेवायला हवं असं मला वाटतं. ज्यांनी हे आतून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

जुनेकागद

ताई, तुम्ही सांगितलेला फरक सहाशे वर्षांपूर्वी व्हेनिसला कळला होता. १४२३ मध्ये त्यांनी खाडीतल्या एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं ठिकाण उभारलं, लाझारेत्तो व्हेक्क्यो. पण जहाजातून येणारी, अजून धडधाकट असलेली माणसं आणि त्यांचा माल कुठे ठेवायचा? त्यासाठी १४६८ मध्ये वेगळं बेट निवडलं, लाझारेत्तो नुओव्हो. रोगी एका बेटावर, संशयित दुसऱ्यावर. मधे समुद्र. तुमच्या इमारतीत मधे नुसता जिना होता.

त्याच्याही आधी, १३७७ मध्ये रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायचा ठराव केला. तीस दिवसांचे पुढे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून क्वारंटाईन हा शब्द आला. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हते. तरी थांबायचं किती, हा आकडा मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. "कधी सोडणार?" याचं उत्तर त्या खलाशाकडे होतं.

स्पष्ट

भावना समजतात, पण मी वेगळं बोलणार आहे. माणसाच्या मर्जीवर सोडलं तर कोणी येत नाही. आमच्याच घरात एकजण 'साधा खोकला आहे' म्हणत चार दिवस फिरला आणि घरातले दोघे अतिदक्षता विभागात गेले. त्यातला एक परत आला नाही. साथ थांबवायची तर सक्ती लागते. वुहानमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये स्टेडियम आणि प्रदर्शन केंद्रांची १६ रुग्णालयं केली, सौम्य आजाराच्या सुमारे १२,००० लोकांना तिथे ठेवलं आणि १० मार्चपर्यंत ती बंदही झाली. घरी ठेवलं असतं तर घरंच्या घरं आजारी पडली असती.

नोंदवही

@स्पष्ट, तुमच्या घरी जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. तुमचा राग मी टेबलावर रोज पाहिलाय आणि तो खरा आहे. घरी ठेवल्याने घरचे आजारी पडतात हेही मान्य. एका खोलीत पाच जण राहत असतील तर 'वेगळं राहा' या सल्ल्याला अर्थ नसतो. म्हणून तर केंद्र लागतं.

पण वुहानची ती केंद्रं नुसती कोंडून ठेवायची जागा नव्हती. तिथे डॉक्टर-परिचारिका होत्या, ऑक्सिजन होता, नाडी-ताप-ऑक्सिजन ठरलेल्या वेळी पाहिलं जायचं आणि कुणी बिघडायला लागला की मोठ्या रुग्णालयात लगेच हलवायची सोय होती. घरी राहून यातलं काही मिळालं नसतं. सक्ती होतीच, पण आत काहीतरी मिळतही होतं. हा दुसरा भाग आपण विसरतो आणि फक्त कुंपण उभं करतो.

जुनेकागद

सक्तीचं दुसरं टोक आपल्याच इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात रँडच्या समितीने घराघरात सोल्जर घातले. रोगी हुडकायचा, रुग्णालयात न्यायचा, घरच्यांना सेग्रिगेशन कँपमध्ये. कागदावर योजना चुकीची नव्हती, आजच्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं. पण सोल्जर देवघरात शिरले, बायकांच्या अंगाला हात लागले, आणि लोकांनी काय केलं? रोगी लपवले. मेलेल्याला गुपचूप पुरलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सक्ती केली तीच उलटली. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

त्याच गावात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव गावाबाहेरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. तोही गावापासून लांबच होता, म्हणजे विलगीकरणच. सावित्रीबाईंनी तिथे एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणलं, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दोन्हीकडे रोगी घरातून बाहेर काढून दूर ठेवला जात होता. मला या दोन चित्रांपुढे आणखी काही म्हणायचं नाही.

रात्रपाळी

वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. दोन वेगवेगळ्या केंद्रांत रात्रपाळ्या केल्या.

लोकांना वाटतं सौम्य रुग्ण म्हणजे खाट द्या, गोळ्या द्या, झालं. या आजाराची भीती अशी की माणूस गप्पा मारत असतो, धाप लागल्याची तक्रार नसते आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा खाली गेलेला असतो. तो आकडा पाहण्यासाठीच तर केंद्र. आमच्याकडे ९४ च्या खाली गेलं की वरच्या डॉक्टरांना कळवायचं असा नियम होता. बसलेल्या माणसाचा आकडा बरा दिसला तर त्याला सहा मिनिटं चालवायचं आणि पुन्हा बघायचं. चालल्यावर घसरला तर ती धोक्याची सूचना. पालथं झोपवलं की काहींचा आकडा वर यायचा.

पहिल्या केंद्रात शंभरावर माणसांमागे रात्री आम्ही दोघी होतो. फेरी एका टोकाला सुरू केली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत उजाडायला यायचं. ऑक्सिमीटर दोन, त्यातल्या एकाचे सेल संपलेले. तिथून लोक पळायचे. मला त्यांचा राग यायचा, आता येत नाही. त्यांना नीट समजलं होतं की इथे रात्री काही झालं तर कुणी येणार नाही.

दुसऱ्या केंद्रात प्रत्येक आठ-दहा खाटांमागे रुग्णांपैकीच एक जण आम्ही 'खोलीप्रमुख' केला. तब्येत बरी असलेला, जरा बोलका. त्याच्याकडे ऑक्सिमीटर आणि कागद. तो दर चार तासांनी सगळ्यांचे आकडे लिहायचा आणि खिडकीतून आम्हाला दाखवायचा. आम्ही किट घालून ठरल्या वेळी आत जायचोच, पण मधल्या वेळात डोळे होते. आणि त्या माणसांना काम मिळालं. दिवसभर छताकडे बघत पडणं काय असतं ते पडलेल्यालाच ठाऊक. तिथून माझ्या पाळीत तरी कोणी पळालं नाही.

अजून एक. किटमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. म्हातारी माणसं घाबरायची. मग पाठीवर आणि छातीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहायला लागलो. एक आजोबा रोज रात्री माझं नाव मोठ्याने वाचायचे आणि मग झोपायचे.

वाचनमात्र

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहित राहा.

वाराउजेड

वास्तुरचना हा माझा व्यवसाय. माझ्या मते अर्धी लढाई इमारत निवडतानाच जिंकलेली किंवा हरलेली असते.

हवेतून पसरणारा आजार असेल तर सगळ्यात आधी खिडक्या मोजा, खाटा नंतर. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारं उघडी असताना खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तर ४० वेळा. म्हणजे जुनी शाळा वातानुकूलित सभागृहापेक्षा सरस ठरू शकते. खर्च शून्य. पण होतं असं की ताब्यात घेताना चकचकीत जागा पसंत पडते, कारण तिथे फोटो चांगला येतो.

संपर्कातल्यांसाठी मात्र मोठं सभागृह कधीच नको, तिथे स्वतंत्र खोल्याच हव्यात. खोल्या असूनही काय होऊ शकतं याचं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. २०२० मध्ये तिथल्या एका अलगीकरण हॉटेलात शेजारच्या दोन खोल्यांतले लोक एकमेकांना भेटलेच नव्हते, तरी एकाचा आजार दुसऱ्याकडे गेला. कॅमेऱ्यात पाहिलं तर चाचणी होऊन एक दार बंद झालं आणि शेजारचं उघडलं, मधे फक्त ५० सेकंदं. मार्गिकेतल्या बंद हवेत विषाणू तरंगत राहिला असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणून मार्गिकेला बाहेरची हवा हवी आणि शेजारशेजारची दारं एकामागोमाग एक उघडायची नाहीत.

आणि इमारत मुळात उभी राहील का, हे तपासा. चीनमधल्या च्वानचौ शहरात ७ मार्च २०२० ला अलगीकरणासाठी वापरलेलं एक हॉटेल कोसळून २९ माणसं गेली. बेकायदा मजले चढवलेले होते. साथीतून वाचवायला नेलेली माणसं छताखाली चिरडली. बगदादमध्ये एप्रिल २०२१ मध्ये कोविड रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाक्यांमुळे आग भडकली, ८० हून जास्त मेले. घाईत आपण पहिलं काय वगळतो, तर अग्निशमनाची तपासणी. मी स्वतः एका जागी हे लेखी कळवलं होतं. कागद फायलीत गेला. सुदैवाने तिथे काही झालं नाही, पण त्या सुदैवाची मला आजही धास्ती वाटते.

दोनलेकरांची

मी आतून पाहिलंय, खाटेवरून.

माझी चाचणी बाधित आली, दोन्ही मुलांची नाही आली. मोठी नऊ वर्षांची, धाकटा चारचा. मला एका ठिकाणी आणि मुलांना संपर्कातले म्हणून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं असं ठरलं. नियमाने बरोबरच असेल. पण चार वर्षांच्या मुलाला अनोळखी इमारतीत नऊ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर? मी सरळ नाही म्हणाले. दारात तासभर वाद. शेवटी एक वयस्कर आरोग्यसेविका आल्या. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं काय आहे?" त्या तासाभरात हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मग वेगळी खोली दिली, मुलं माझ्यासोबत, मी सतत मास्क लावून, खिडकी उघडी, दोन खाटा लांब. धाकट्याला तिसऱ्या दिवशी ताप आला. तो कदाचित घरूनच आला असेल, कदाचित माझ्याकडून. ते माझ्या मनावर आहे. तरीही मी पुन्हा तेच करेन.

बायकांच्या बाजूने एक सांगते. स्वच्छतागृह खोल्यांपासून लांब, वाटेत दिवा नाही, आतून कडी नाही. रात्री जायला नको म्हणून आम्ही संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हतो. तापात! एक दिवा आणि एक कडी. यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

रात्रपाळी

@दोनलेकरांची, तो ताप तुमच्यामुळेच असं मनाला लावून घेऊ नका. संपर्कानंतर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागायचे, काहींना दोन-तीन, काहींना दहा. तिसऱ्या दिवशी आलेला ताप बहुधा घरातूनच निघालेला होता. लहान मूल आणि पालक यांना शक्यतो तोडायचं नाही, हे मी दुसऱ्या केंद्रात शिकले. अंगावर पिणारी मुलं तर मास्क लावून, हात धुऊन आईजवळच ठेवत होतो.

दिवसमोजणारा

"कधी सोडणार?" यावर लिहितो, कारण माझं तेच झालं.

संपर्कातला म्हणून १४ दिवस ठेवलं. हा आकडा का, तर लक्षणं येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात असं दिसलं होतं, वर थोडी सूट. इबोलाला २१ दिवस, त्याचं कारणही हेच, तिथे लक्षणं यायला २१ दिवसांपर्यंत लागू शकतात. इथवर पटलं.

पण आम्ही खोलीत सहा जण होतो. नवव्या दिवशी एकजण बाधित निघाला. त्याला हलवलं आणि उरलेल्या पाच जणांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून. शास्त्राने योग्य, कारण आमचा संपर्क नव्याने झाला. मग सातव्या दिवशी दुसरा निघाला. पुन्हा शून्य. एकूण एक महिना मी त्या खोलीत होतो. मला आजार झालाच नाही. कामावरून काढलं ते वेगळंच.

कुणीही हे आधी सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच की सहा जणांना एका खोलीत टाकायचा निर्णय माझा नव्हता, त्याची किंमत मात्र दिवसांत मी मोजली. वाराउजेड म्हणतात तशा वेगळ्या खोल्या नसतील तर निदान एका घरातल्यांना एकत्र ठेवा, परक्यांची मोट बांधू नका. आणि मजुरी बुडते त्याचं काहीतरी द्या. उपकार म्हणून नको. मी समाजासाठी घरी न जाता बसलो, त्याचा मोबदला म्हणून.

कलमवाचक

दिवसमोजणारा यांच्या मुद्द्याला कायद्याची बाजूही आहे. माणसाच्या हक्कांवर असे निर्बंध कधी घालावेत यासाठी १९८४ ची सिराक्युझा तत्त्वं ही आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत. निर्बंध कायद्यात बसणारा हवा, खरोखर गरजेचा हवा, कमीत कमी जाचाचा हवा, मनमानी नको आणि मुदतीचा हवा.

मुदत नसली की काय होतं याचं टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमधल्या मेरी मॅलनचं. स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत, पण टायफॉइडची वाहक. १९०७ मध्ये बेटावर ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. तिने नाव बदलून तेच काम धरलं, १९१५ मध्ये पुन्हा पकडली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत तिथेच. चूक तिची होतीच. पण तिला येणारं एकच काम बंद करताना तेवढीच कमाई देणारं दुसरं कुणी दिलं नाही, हे मला विसरता येत नाही.

स्पष्ट

मी परत आलो. सगळे प्रतिसाद वाचले. सक्ती नकोच असं मी अजूनही म्हणणार नाही. कुणी आजार लपवून गर्दीत फिरत असेल तर त्याला अडवायलाच हवं. पण आमच्या घरातला तो माणूस चार दिवस का बोलला नाही, याचा विचार करत होतो. त्याने तुम्ही सांगितलंत तसलं एक केंद्र पाहिलं होतं. पहिल्या प्रकारचं. तेवढंच सांगायचं होतं.

जुनेकागद

@स्पष्ट, लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

लायबेरियात २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी हेच झालं. मनरोव्हियातल्या वेस्ट पॉइंट या दाट वस्तीतल्या शाळेत वस्तीला न विचारता संशयितांना ठेवायला सुरुवात झाली. बाहेरचे रोगी आमच्यात आणताय, म्हणून लोकांनी ती जागा फोडली, आतले निघून गेले. मग सगळी वस्तीच बंद केली, गोळीबारात एक मुलगा गेला आणि दहा दिवसांत बंदी उठवावी लागली. उलट पुढे काँगोत, २०१८ मध्ये बेनीत, पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरल्या. आजारी माणूस आत, घरचे बाहेर, पण चेहरा दिसतो, बोलणं होतं. आत नेलेल्याचं काय करतात, ही भीती डोळ्यांनी बघून कमी होते.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. बरंच काही मी टेबलापलीकडून कधी पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट मी धाग्यात टाळली होती, आता लिहिते. शेवटच्या पानांवर एका बाईंची नोंद होती, 'घरी नवरा, दोन्ही पायांनी अधू, उठवायला कुणी नाही'. ती मी लिहिली आणि दुसऱ्या माणसाकडे वळले. तिसऱ्या रात्री त्या निघून गेल्या. सकाळी सगळे त्यांना बेजबाबदार म्हणत होते आणि मी गप्प राहिले. वही माझ्यापुढेच उघडी होती.

म्हणून नवा नमुना करतेय. शेवटच्या पानांवरचं सगळं पहिल्या पानावर, ताप आणि ऑक्सिजनच्याही आधी. घरी कोण आहे, त्याचं काय अडतं, आजपासून ते कोण बघेल, त्या बघणाऱ्याची सही. मग मुदत कुठल्या तारखेला संपते, ती कशामुळे वाढू शकते, हे रुग्णाला वाचून दाखवलं का. मग बाकीचं. अजून काय घालू?

दोनलेकरांची

सोबत मूल आहे का, आणि त्याला कुणाजवळ ठेवायचं हे आईला विचारलं का.

दिवसमोजणारा

सुटल्यावर कामावर दाखवायला पत्र दिलं का. 'हा बरा आहे, याच्यापासून धोका नाही' असं साध्या भाषेत.

रात्रपाळी

रात्री काही वाटलं तर कुणाला हाक मारायची, त्या माणसाचं नाव. पदनाम लिहू नका. नाव लिहा.